भुयाराचे प्रकल्पग्रस्त

"पाच मिनिटं," वरद म्हणाला. "माझी गेम पाच मिनिटांत कुणालाही समजते. शेंबड्या पोराला समजते. तुझ्या ऑफिसातल्या एचआरवाल्यांना पण समजेल."

त्याची बायको मिताली कुकर लावत होती. ती स्वतःच एचआरमध्ये होती. "बरं," ती म्हणाली, "मला समजव."

डाळ शिजली. भात झाला. जेवणं झाली, ओटा पुसून झाला, तरी मितालीचं पात्र अजून जन्माला यायचंच होतं. ताकदीसाठी फासे टाका, अकलेसाठी टाका, मग वंश निवडा, मग धंदा निवडा, मग आठ बाजूंचा फासा सोफ्याखाली गेला की झाडू घेऊन त्याच्यामागे जा. शेवटी एकदाची ती जन्मली. मठातली एक बाई, हातात सोटा, अंगात प्राण एक. भुयाराच्या पहिल्या पायरीवर तिला उंदीर चावला आणि ती वारली.

"आता?" मितालीने विचारलं.

"आता नवीन पात्र बनवायचं."

"परत पहिल्यापासून?"

"जुनी मजा म्हणतात ती हीच!" वरदचे डोळे भरून आले होते.

मिताली झोपायला गेली.

ही जुनी मजा काय होती ते सांगायला हवं. पन्नासेक वर्षांपूर्वी परदेशात एक गेम निघाली होती. टेबलाभोवती बसायचं, एकाने पडद्यामागून गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, फासे टाकत भुयारात उतरायचं आणि तळाशी बसलेल्या ड्रॅगनला मारायचं. वरदचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पनवेलच्या एका नर्सिंग होममध्ये झाला. मूळ गेम त्याने कधी हातात धरलेली नव्हती. पण आठवणी मात्र त्याला यायच्या. त्या आठवणींवरून त्याने तिची हुबेहूब जुनी आवृत्ती नव्याने तयार केली. नाव ठेवलं 'मूळ भुयार'.

अडचण अशी की आठवणी सगळ्यांनाच यायला लागल्या होत्या. अवधूतने 'भुयार' काढलं. लगेच धनेशने 'जुनं भुयार' काढलं. स्नेहलने 'अस्सल जुनं भुयार' काढून वर 'आमची कुठेही शाखा नाही' असं छापलं. उरणच्या एका ग्रुपने मोरा बंदर आवृत्ती आणली. ती सगळी तशीच होती, फक्त शेवटच्या बोळात बोंबलाचा वास यायचा. या सगळ्या गेम एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येणं कठीण होतं, म्हणूनच त्यांचे कर्ते एकमेकांशी बोलत नव्हते. धनेशच्या गेममध्ये अडकलेला दरवाजा एका फाशाने उघडतो, अवधूतच्या गेममध्ये दोन. या कारणावरून धनेश अवधूतच्या बहिणीच्या लग्नाला गेला नाही.

दरवर्षी अरुंधती मॅडम पनवेलात जुन्या खेळांचा मेळावा भरवायच्या. वरदला तिथे टेबल हवं होतं. तीन वर्षं तो त्यासाठी झिजला होता. खोके बेडरूममध्ये रचून रचून कपाटाचं दार उघडेनासं झालं होतं, आणि मिताली ऑफिसला सलग एकाच साडीत जात होती. पण मॅडमनी या वर्षी अट घातली.

"गेल्या वेळेला एका बाईंनी सहज विचारलं, शेवटी ड्रॅगनचं काय होतं हो?" मॅडम फोनवर म्हणाल्या. "नऊ कर्ते होते. एकालाही सांगता येईना. कुणाची गेम कुणी शेवटापर्यंत खेळलेलंच नाही! तेव्हा आता असं. ज्यांनी स्वतः गेम काढलेली नाही अशी चार माणसं आण. त्यांनी तुझी गेम संपवलेली पाहिजे. रविवारी संध्याकाळी मी येईन आणि त्यांनाच विचारीन. जमलं तर टेबल, नाही तर पुढच्या वर्षी भेटू."

चार माणसं. वरद हसला. पनवेलात चार माणसं मिळत नाहीत होय?

मिळेनात. जिमच्या ट्रेनरची स्वतःची गेम होती, तीत ड्रॅगनला प्रोटीन द्यायचं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने 'पार्किंग भुयार' लिहायला घेतलं होतं. दाढेचं रूट कॅनाल करताना डेंटिस्टने वरदचं तोंड उघडं असतानाच आपल्या गेमचे सगळे नियम सांगितले, आणि वरदला नाही म्हणता आलं नाही.

शेवटी तो निकेशकडे गेला. निकेश कॉलेजपासूनचा दोस्त. त्याला वाचनाचा इतका कंटाळा की तो मेसेजसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा.

"निक्या, तू तरी गेम काढली नाहीस ना?"

निकेश जमिनीकडे बघायला लागला.

"निक्या!"

"अरे फक्त चाळीस पानं झालीत."

वरद तिथेच पायरीवर बसला. निकेशला त्याची दया आली. "ऐक ना. माझे आईबाबा हायत. आत्या पन आलीय राहायला. त्यांनी कायपन काढलेलं नाय. रविवारी फार्महाऊसला ये नेऱ्याला, मटन हाय."

तीन झाले. चौथी म्हणून मितालीला न्यायचं ठरलं. तिने अट घातली की उंदीर नको. मॅडमना नेऱ्याचा पत्ता कळवून टाकला.

निकेशचे वडील जगनकाका. गावातली जमीन प्रकल्पात गेली, तिच्या बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर बिल्डिंग आली आणि बिल्डिंगमधून पोट आलं. आयुष्यातली वीस वर्षं त्यांनी मोर्चे, बैठका आणि निवेदनं यांत घालवली होती. सगळं मिळाल्यावर करायला काही उरलं नव्हतं. भामाकाकू त्यांच्या पत्नी, मोर्च्यात पुढे लाटणं घेऊन असायच्या. रंभाआत्या जगनकाकांची धाकटी बहीण. ती मोर्च्यात भावाच्या विरुद्ध बाजूला असायची, कारण तिची समिती वेगळी होती.

फार्महाऊसच्या पडवीत चटई घातली होती. वरदने खोका मधोमध ठेवला आणि अदबीने झाकण उघडलं.

"कागद बघा काका. हुबेहूब जुना. एकेक पान चहात बुडवून वाळवलंय, तेव्हा हा रंग आलाय."

भामाकाकूंनी वास घेतला. "आल्याचा वास येतो रे."

"मंगल कार्यालयातला उरलेला चहा होता, काकू. तीनशे पुस्तकं बुडवायची म्हणजे..."

"साखरेचा?" मितालीने विचारलं. "वरद, तू तीनशे पुस्तकं दुधासाखरेच्या चहात बुडवलीस?"

उत्तर पुस्तकातूनच आलं. लाल मुंग्यांची एक रांग नियमांच्या पानातून निघाली, वीस बाजूंच्या फाशाला वळसा घालून रंभाआत्याच्या लुगड्याकडे चालली. आत्या किंचाळली. निकेशने पुस्तक झटकलं. अर्धी पानं पडवीत, अर्धी अंगणात, आणि ड्रॅगनचं आख्खं प्रकरण चाळणीसारखं. ड्रॅगन किती मोठा, त्याला मारायचं कसं, मेल्यावर काय, सगळं मुंग्यांच्या पोटात.

वरदचा चेहरा पडला. 'पुस्तकात आहे तेच, नाही ते नाही' हे तर त्याच्या खोक्यावर छापलेलं होतं.

"चल रे मास्तर, सुरू कर," जगनकाका मांडी ठोकत म्हणाले. "मुंग्यानला पन भूक लागते."

पात्रं बनवायला वेळ लागला, पण मटण शिजायलाही लागतच होता. जगनकाका योद्धा झाले, भामाकाकू जादूगारीण. मिताली पुन्हा मठातली बाई झाली. रंभाआत्या चोर व्हायला तयार नव्हती, "माझ्या माहेरी बसून मला चोर बोलतोस?" म्हणाली. तिला वनरक्षक केलं. सामान निवडायची वेळ आली तेव्हा तिने तलवार, दोर, मशाल सगळं नाकारलं आणि जेवढं वजन उचलायला परवानगी होती तेवढ्याची तांदळाची भाकरी आणि सुकट घेतली.

वरदने घसा साफ केला आणि जुन्या थाटात सुरुवात केली. "हे साहसवीरांनो! महाराज विक्रांतसिंहांनी तुम्हांस आज्ञा केली आहे की, काळदरीच्या डोंगराखालील भुयार रिकामे करावे! भुयाराच्या मुखाशी खुजासुरांची वस्ती आहे! तळाशी ड्रॅगन आहे! आता काय कराल?"

मग जगनकाकांनी विचारलं, "डोंगर कोनाचा?"

"कुणाचा म्हणजे? ड्रॅगन राहतो तिथे."

"कवापासून?"

"हजार वर्षं झाली."

"हजार वर्सं!" जगनकाका सरळ बसले. "भामा, ऐकलंस? हजार वर्सं वहिवाट. आन हा राजा बोलतो रिकामा करा. त्याला कूळ लागला रं मास्तर, तो काय हालतो आता!"

"काका, तो ड्रॅगन आहे. त्याला मारायचं असतं."

"कोनी बोलला मारायचा? राजा बोलला. राजाला डोंगर कशाला पायजे?"

वरदला हे माहीत नव्हतं. मूळ गेममध्येही कुणाला माहीत नसावं. "तसं काही दिलेलं नाही," तो म्हणाला.

"बगा! दिलेला नाय!" जगनकाकांनी मांडीवर थाप मारली. मोर्चे संपल्यापासून इतकं ताजं कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. "काय करायचाय ते सांगतच नाय. पयला रिकामा करा बोलतात, मंग सांगतात."

"आन त्या खुज्यांची पोरंबालं कुठं जातील?" भामाकाकूंनी विचारलं. "मी नाय कोनाचं घर रिकामं करायला जानार. मुकाट सांगते."

"काकू, खुजासुरांना पोरंबाळं नसतात. त्यांना फक्त प्राण असतात, चार-चार."

"पोरं नाय मंग वस्ती कशी जाली?"

वरदने पुस्तकात बघितलं. अकराव्या पानावर, मुंग्यांनी सोडलेल्या भागात, समोरच्याचा मूड ठरवायचा नियम होता. दोन फासे टाका, कमी आले तर तो हल्ला करतो, जास्त आले तर गळ्यात पडतो. जगाच्या पाठीवर हा नियम कुणी वापरत नाही, पण मूळ गेममध्ये आहे म्हणून सगळे छापतात. वरदला वाटलं, टाकू दे, कमी पडतील आणि लढाई होईल.

रंभाआत्याने सुकट पुढे केली आणि फासे टाकले. दोन्हीवर सहा.

"ते... गळ्यात पडले," वरद म्हणाला.

"पडनारच! सकालपासून उपाशी असतील," आत्या म्हणाली आणि एकेकाला भाकरी वाढायला लागली.

त्यानंतर गेम वरदच्या हातात राहिली नाही. जगनकाकांनी 'काळदरी भुयार प्रकल्पग्रस्त संघर्ष समिती' स्थापन केली आणि स्वतः अध्यक्ष झाले. रंभाआत्या म्हणाली, वस्तीला भाकरी मी घातली, अध्यक्ष तू कसा? तिने पूर्वेच्या बोळातले खुजासुर फोडून दुसरी समिती काढली. भामाकाकूंनी आपला एकमेव मंत्र नवऱ्याला गप्प करायला वापरला. तो लागू पडला, आणि नियमाप्रमाणे जगनकाकांना बराच वेळ बोलता येईना. ते नुसते हातवारे करत राहिले. आत्याने तेवढ्यात तिसऱ्या तळघरात सभा घेतली.

वरदने जुन्या गेममध्ये असतात ते सगळे सापळे टाकून बघितले. छतातून कोसळणारी शिळा आली, तर मितालीने विचारलं, "कामाच्या ठिकाणी सुरक्षेचं काय?" आणि खुजासुरांना हेल्मेट मिळावीत ही मागणी जोडली. भिंतीतून बाण आले. ते आत्याच्या समितीने सोडले असा ठराव जगनकाकांनी हातवाऱ्यांनीच पास केला.

"वरद, हे मस्त आहे रे," मिताली म्हणाली. तिच्या पदरावर मटणाचा रस्सा सांडला होता, तिला भान नव्हतं.

"हे मस्त नाही!" वरद ओरडला. "हे कुठल्याच पुस्तकात नाही! मॅडम येतायत, आणि तुम्ही ड्रॅगनपर्यंत पोचलासुद्धा नाहीत!"

सगळे ओशाळले. जगनकाकांवरचा मंत्रही तेवढ्यात उतरला. मग ठरलं की दोन्ही समित्यांनी एकत्र तळाशी जायचं. गेले. वरदने ड्रॅगनचं पान काढलं. पानात भोकं, भोकांतून पलीकडचं अंगण दिसत होतं, अंगणात कोंबडी. एवढं वाचता येत होतं: 'ड्रॅगन म्हणतो,' आणि पुढे कोंबडी.

"काय बोलतो?" जगनकाकांनी विचारलं.

"खाल्लंय ते."

"तुला म्हाईत असंल ना? तूच काढलीस ना गेम?"

"मी काढली नाही, काका. मी जशीच्या तशी ठेवली."

इतक्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. निकेश उठून बघून आला. "मॅडम आल्यात. चप्पल काढतायत."

वरदला तीन वर्षं दिसली. बंद कपाट दिसलं. ड्रॅगनने काय म्हणावं याचे नियम त्याच्याकडे नव्हते, आणि नियमाशिवाय त्याने आयुष्यात एक वाक्य उच्चारलं नव्हतं. त्याने डोळे मिटले.

"ड्रॅगन म्हणतो," तो म्हणाला, "मंडळी, मी पण तुमच्याबरोबर येतो."

पडवीत जो जल्लोष झाला त्याने कोंबडी उडून छपरावर गेली. "आरं आपला मानूस हाय!" जगनकाका ओरडले. रंभाआत्याने ड्रॅगनला उरलेली सगळी सुकट घातली. अध्यक्ष कोण हा वाद एका झटक्यात मिटला, कारण ड्रॅगनपुढे उभं राहायला कुणीच तयार नव्हतं. ड्रॅगन अध्यक्ष, बाकी सगळे उपाध्यक्ष. मोर्चा राजवाड्यावर निघाला. पुढे भामाकाकू, मागे खुजासुर हेल्मेट घालून. महाराज विक्रांतसिंह गच्चीत आले. मूळ गेममध्ये महाराजांचं काम फक्त सुरुवातीला आज्ञा देणं, म्हणून त्यांना प्राण दोनच होते. ड्रॅगनने निवेदन द्यायला तोंड उघडलं आणि महाराज भाजले.

अरुंधती मॅडम उंबऱ्यात उभ्या होत्या. "झाली का गेम? मग सांगा, ड्रॅगनचं शेवटी काय झालं?"

चौघं एकदमच बोलायला लागले. मॅडमना त्यातून एवढं कळलं की ड्रॅगन बिनविरोध निवडून आला, डोंगर ज्याचा त्याला राहिला आणि राजाचं वाईट झालं पण निवेदन पोचलं. त्या खाली बसल्या.

"इतके मेळावे भरवले मी," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा कुणीतरी शेवट सांगितला. वरद, तुला टेबल."

वरदला रडू आलं. जगनकाकांनी त्याला पोटाशी धरलं, आणि ते पोट असल्यामुळे तो बराच वेळ धरलेला राहिला. जेवायला बसल्यावर काका दोनदा म्हणाले, "पन मास्तर, मोर्चा जरा लवकर काढायला पायजे व्हता. आमची गेम असती तर पयल्याच खोलीतून काढला असता." आत्या म्हणाली, "तुझा मोर्चा आनि माझा मोर्चा यांत फरक हाय." भामाकाकूंनी निकेशकडून कोरे कागद मागून घेतले. वरदला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. जेवण झाल्यावर मिताली हात पुसत म्हणाली, "मला सुचतंय काहीतरी," तेव्हाही त्याला ती स्वयंपाकाबद्दल बोलतेय असं वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी वरद सगळ्यात आधी पोचला. आपलं टेबल पुसलं, पडदा उभा केला, फासे रांगेत लावले, मुंग्यांसाठी टेबलाच्या चारी पायांना हळद टाकली. मग हॉल भरायला लागला. डावीकडे अवधूत, धनेश, स्नेहल, एकमेकांकडे पाठ करून. उजवीकडे 'जगनशेठ यांचं ओरिजिनल भुयार'. त्याच्या पलीकडे 'रंभाआत्याचं खरं भुयार'. दोन्हींत फरक एवढाच की एकात मोर्चा सकाळी निघतो आणि दुसऱ्यात दुपारी. भामाकाकूंच्या गेममध्ये राजाच नव्हता, त्यामुळे ती सगळ्यात शांत चालणारी होती. मितालीच्या गेममध्ये ड्रॅगनचं वर्षाअखेरीचं अप्रेझल होतं. डेंटिस्ट होता, ट्रेनर होता. निकेशची पानं साठ झाली होती.

"काका, तुम्ही पण?" वरदने विचारलं.

"आरं जुन्या आठवनी हायत," जगनकाका पडद्यामागून म्हणाले.

"मागच्याच रविवारच्या!"

"त्याच."

मॅडमनी दीप लावला. सगळे आपापल्या पडद्यामागे बसले, घसे साफ झाले, आणि हॉलभर एकाच वेळी "हे साहसवीरांनो!" असा आवाज झाला.

साहसवीर कुणी आलेले नव्हते. वरद मान वर करून दाराकडे बघत राहिला. त्याला कुणी एक चाललं असतं. त्याच्याकडे आता शेवट होता.

दुपारनंतर दारात एक माणूस आला. वरद उठून उभा राहिला. तो मंडपवाला होता. शेजारच्या हॉलमध्ये हळद होती, तिथे पाहुणे जास्त झाले होते. टेबलांच्या समोरच्या बाजूच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्याच दिसतायत म्हणून तो त्या घेऊन गेला. परत येऊन त्याने वरदची पण नेली, कारण तो उभाच होता.